समोर बसायचं काम

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याला डॉक्टरांकडे. नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर घसा बघितला. उजवा स्वरतंतू हलतो, डावा तसाच. मार्चमध्ये थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा तिथली नस दुखावली. मला हे पाठ आहे, पण डॉक्टर दर वेळी पहिल्यापासून सांगतात. वर्ष होईपर्यंत वाट बघायची, कधीकधी आपोआप सुधारतं. तोवर बोलणं कमी. कुजबुजायचं नाही, ओरडायचं नाही.

ओरडणार कशी, ते विचारलं नाही. आवाजाबरोबर नुसती हवाच जाते.

बोलायचं नाही तर लिही म्हणून सुनीलने ही वही आणली. (यापुढे सु.) येताना सोमाटण्याला थांबून वडापाव. एकही शब्द न बोलता मागवता आला. बोट दाखवलं की पुरतं.

९ नोव्हेंबर, रविवार

परंदवडीला भाताची झोडणी. सासूबाई आठवडाभर तिथेच, थोरल्या दिरांकडे. आम्ही सकाळी वडगावहून गेलो.

चुलतसासू : "गळा बसलाय व्हय अजून? ज्येष्ठमध चगळ की." मान हलवली. दुसरीने वेखंड सांगितलं. तिसरीने कुणा भाच्याचा असाच आवाज गेला होता आणि तो कसा आला ते सांगितलं. सगळ्यांना मान हलवली.

जेवताना कुणीतरी म्हणालं, होऊ द्या एक भक्तिगीत, दरसाल म्हणता. सासूबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "तिला नका बोलू लावू. डाक्तरनं सांगितलंय." विषय संपला. नव्या तांदळाचा वास. पाठ दुखतेय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत मुख्याध्यापिकांनी बोलावलं. संगीताचे तास सध्या दुसऱ्या बाईंकडे, मी ग्रंथालय सांभाळायचं. "जूनमध्ये बघू, आवाज कसा होतोय त्यावर." चांगल्या बोलल्या. मागच्या बाकांवर माझं काही ऐकू जात नाही ही पालकांची तक्रार खरीच आहे.

संध्याकाळी दत्तमंदिराचे दोघे घरी आले. चहा घेतला. "जयंतीला यंदा तुम्ही विश्रांती घ्या, ताई." तळेगावची एक मुलगी ठरवली आहे. विचारायला नव्हते आले, सांगायला आले होते. मी हो म्हटलं. कप उचलताना एकाने विचारलं, मंडळाचे तबलेवाले तिला चालतील ना? चालतील म्हटलं. त्याने "काय?" म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सु. डबा विसरून निघाला. दारातून हाक मारली. तो गेटपाशी होता, गाडी चालूसुद्धा केलेली नव्हती. पुन्हा हाक मारली. हेल्मेट घातलं आणि गेला.

डबा दुपारी मीच खाल्ला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मिलिंददादाचा फोन. ऑर्केस्ट्रात तो कीबोर्डला आणि मी गायला, ते दिवस गेले. आता लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्याच्या मागच्या खोलीत त्याचं रेकॉर्डिंग चालतं. जाहिराती, वेबसीरिज, कुणाचं काय काय.

एक आयरिश गायिका आली आहे म्हणाला. योगाच्या कोर्सला आली आणि राहिलीच. तिला आल्बम करायचाय. ब्लूज आणि जॅझ. पियानो ती स्वतः वाजवणार, पुण्याचा एक जण बास वाजवणार, बाकी काही नाही.

मी म्हटलं, मग मी काय करू?

"समोर बसायचं."

तिला म्हणे माइककडे बघून गाता येत नाही. कुणीतरी माणूस समोर खुर्चीत हवं. मधे बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, नुसतं ऐकायचं. त्याने बायकोला बसवून पाहिलं, ती मोबाइल बघत होती.

"तुला नाहीतरी बोलायची बंदीच आहे, म्हणून तू आठवलीस."

हसू आलं. मग रागही आला. उद्या येते म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

ओर्ला. साठीच्या आसपास. पांढरी वेणी, पायात जाड लोकरीचे मोजे, गळ्याभोवती आपली सोलापुरी चादर शालीसारखी. भिंतींना गाद्या आणि गोधड्या लावलेल्या. हात जोडून नमस्कार केला, मग हात हातात घेतला, मग म्हणाली, बस.

मी बसले. तिने गायला सुरुवात केली आणि पहिली दहा मिनिटं मी तिला नापासच करत होते. सूर धरून ठेवत नाही. ओळ संपायच्या आधीच सोडून देते. श्वास ऐकू येतो. खालच्या सुरांत आवाज खरखरतो, वर जातच नाही. आमच्या गाण्याच्या बाईंनी हातावर पट्टी मारली असती.

मिलिंददादा काचेमागून म्हणाला, श्वास काढून टाकू या. ती म्हणाली, राहू दे, मी जिवंत आहे.

ब्लूज म्हणजे काय ते त्याने चहाच्या वेळी समजावलं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत काय ते सांगून टाकायचं. बस. मला वाटलं याहून मोठं काही असेल.

दुपारनंतर एक गाणं गायली. नवरा वारल्यावर त्याच्या बाजूची उशी ती रोज धुवून वाळत घालते, असं काहीतरी. इंग्रजी निम्मं कळलं. ते गाताना सतत माझ्याकडे बघत होती. कुठे बघावं कळेना. खाली बघणं बरं दिसलं नसतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मिलिंददादाने ते उशीचं गाणं फोनवर पाठवलं. स्वयंपाक करताना लावलं. सासूबाई परंदवडीहून कालच आल्यात, पावटे सोलत बसल्या होत्या. पूर्ण ऐकलं.

"ही गातीया का कुनाला काय सांगतीया?"

म्हटलं, सांगतेच आहे.

"कुनाला?"

"मला. मी समोर बसले होते."

"मग तू काय म्हनलीस?"

काही नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. बाई एवढं सांगते तर हं तरी म्हणावं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज काम नीट झालं नाही. शनिवार-रविवारची गर्दी, भुशीच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न इथवर येतात. मधेच मालगाडीचा भोंगा. बासवाला वैतागला. त्याचं वाद्य माणसाएवढं उंच, ते गाडीच्या टपावर बांधून आणतो. ओर्लाने भोंगा येऊन गेलेला टेक ठेवायला सांगितला. बरोबर सुरात आला म्हणे. मिलिंददादाने तपासलं तर खरंच आला होता.

मग जेवताना तिने विचारलं, तू काय करतेस. सांगितलं, गायिका होते. "होते" पहिल्यांदाच बाहेर पडलं. ऑपरेशनचं, नसेचं, सगळं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. अशा वेळी लोक चेहरा पाडतात. तिने पाडला नाही. विचारलं, "मग आता काय उरलंय?"

मी ताट ठेवलं आणि आधीच्या गाडीने परत आले. मिलिंददादा रिक्षापर्यंत आला, "अगं, तिला तसं म्हणायचं नव्हतं." कसं म्हणायचं होतं मग?

२४ नोव्हेंबर, सोमवार

सु. म्हणतो, "मग नको जाऊस. कुणी सांगितलंय?" तो चिडला होता, पण तिच्यावर की माझ्यावर, समजलं नाही. पुढे म्हणाला, "उरलंय म्हणजे काय? आवाज येणारच आहे परत."

तो पहिल्यांदा मला बघायला आला ते कार्यक्रमातच. तळेगावला, स्टेजच्या उजवीकडे उभा होता, गर्दीत. बघण्याचा कार्यक्रम नंतर झाला, होकार त्याने तिथेच दिला होता. हे तो सगळ्यांना सांगतो. हल्ली सांगत नाही.

ग्रंथालयात सहावीच्या मुलांनी सगळी भुताची पुस्तकं नेली.

३० नोव्हेंबर, रविवार

गेले. का गेले ते माहीत नाही. घरी बसून कोबी चिरत होते, उठले आणि स्टेशनवर गेले.

ओर्लाने माफी वगैरे मागितली नाही. चहा केला, आल्याचा, आता तिला जमतो. मग पियानोपाशी बसवून स्वतःचं सांगितलं. तिशीत ती खूप वरच्या पट्टीत गायची, तिच्या गावात लोक त्यासाठीच यायचे. पन्नाशीत वरचा आवाज गेला. कुणी कापलं नाही, काही दुखावलं नाही, नुसता गेला. दोन वर्षं ती दुकानात कामाला होती आणि कुणी गायला सांगितलं तर घसा खराब आहे म्हणायची.

मी म्हटलं, मग?

"मग गाणी खाली आणली. मी वर जायचं सोडलं."

एवढंच. मग तिने एकेक पट्टी दाबत मला आ लावायला लावला. मी कायम काळी चारच्या उंच पट्टीत गायले, आता काळी चारचा षड्जसुद्धा नीट लागत नाही. ती खाली खाली जात राहिली. पांढरी एकच्याही खाली एका ठिकाणी आवाज टिकला. फाटका, पण हवा कमी जात होती. चार स्वर असतील, फार तर पाच. तिने त्या पट्ट्यांवर पेन्सिलने बारीक खुणा केल्या. मिलिंददादा आतून ओरडला, भाड्याचा पियानो आहे.

डॉक्टरांनी गाऊ नका म्हटलं नव्हतं. जोर देऊ नका म्हटलं होतं. जोर दिलाच नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. गेले नसते तर चर्चा झाली असती, म्हणून गेले. दुसऱ्या रांगेत सासूबाईंशेजारी.

मुलगी छान गाते. पाळण्याआधी तिने माझंच नेहमीचं पद घेतलं, मधली तान माझीच, जशीच्या तशी. लोक माझ्याकडे वळून बघत होते. मी चेहरा सरळ ठेवला. हे ओर्लाकडे बसून जमायला लागलंय.

नंतर मुलगी पाया पडली. "मॅडम, तुमचा व्हिडिओ बघून बसवलं. चुकलं का कुठे?" नाही म्हटलं. चुकलं असतं तर बरं वाटलं असतं का? थोडं वाटलं असतं.

सुंठवडा घेऊन घरी. भांडी सु. ने घासली.

७ डिसेंबर, रविवार

आल्बमचं काम संपत आलं. एक जागा रिकामी आहे. मिलिंददादाच्या डोक्यात आलं, मी एक ओवी म्हणावी. "जात्यावरची. फॉरेनला एकदम चालेल."

म्हटलं, मी आयुष्यात जातं फिरवलेलं नाही. तळेगावला क्वार्टरमध्ये वाढले, आमच्याकडे मिक्सर होता.

ओर्लाने विचारलं, काय म्हणतेय. त्याने सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकला लागला. मग म्हणाली, तिच्याकडे एक चाल आहे, संथ, शब्द नसलेली. बरीच वर्षं पडून आहे, इंग्रजीत काही सुचत नाही. तू नेतेस का?

"काय लिहू?"

"एका माणसाला सांगायचं असेल ते."

चाल फोनवर आहे. स्टेशनवर बाकावर बसून ऐकली. सगळी माझ्या त्या चार-पाच स्वरांत आहे. मुद्दाम केली की तशीच होती, विचारलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

ग्रंथालयात तास रिकामा. लिहिलं, खोडलं. मी कधी गाणं लिहिलेलं नाही, दुसऱ्यांचीच गायली. पहिल्यांदा चंद्र आला, मग वारा आला. दोन्ही खोडले. एका माणसाला कोण चंद्राबद्दल सांगतं?

मग हे :

सकाळी हाक मारली, तू वळून पाहिलं नाही
सकाळी हाक मारली मी, तू वळून पाहिलं नाही
दार तर उघडंच होतं, आवाज पोचला नाही.

अजून दोन कडवी झाली. त्यातलं एक डब्याचं आहे. गाण्यात डबा येतो का? ओर्लाच्या गाण्यात उशीचा अभ्रा येतो.

१३ डिसेंबर, शनिवार

सासूबाई उद्या माझ्याबरोबर येणार म्हणतात. "त्या बाईला बगायचंय मला." म्हटलं, तिथे बघण्यासारखं काही नाही, एक खोली आहे. "खोली कुटं बगायचीय? बाईच बगनार." सु. म्हणाला, घेऊन जा, नाहीतर मला नेऊन सोडावं लागेल.

गाण्याचं त्याला सांगितलेलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

नीट लिहून ठेवते.

सकाळच्या गाडीने दोघी. सासूबाई नवीन नऊवारी नेसून. ओर्लाने वाकून नमस्कार केला, यांनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पिशवीतून पावट्यांची उसळ आणि भाकरी काढली. ओर्लाने तिथेच उभ्याने खाल्ली. "लय वाळलीया," सासूबाई मला म्हणाल्या, तिच्यासमोरच.

मग रेकॉर्डिंग. ओर्ला पियानोवर, बासवाला कोपऱ्यात. मी माइकसमोर. पहिला टेक वाईट. दुसरा त्याहून. मी आवाज लावायला जात होते, जुन्या सवयीने, छातीतून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला. दर वेळी "हाक"वर फुटत होता. तिसऱ्या वेळी थांबले, नको म्हटलं. मिलिंददादा म्हणाला, ब्रेक घेऊ.

सासूबाई काचेमागे बसल्या होत्या. ओर्ला उठली, त्यांना हाताला धरून आत आणलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. माझ्या खुर्चीत. त्यांना वाटलं जेवायला बसवतात.

मी म्हटलं, आई, काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.

"तू सांग तर."

त्या पदर सावरून बसल्या, हात मांडीवर. इतक्या जवळून कुणाला गाऊन दाखवायची मला सवय नाही. स्टेजवरून लोक म्हणजे अंधारच असतो. इथे त्यांच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं. जोर लावायची गरजच नव्हती, हात लांब केला तर लागल्या असत्या. मी सांगितलं त्यांना. पहिली ओळ, पुन्हा तीच, मग तिसरी. "नाही"वर आवाज विरला, मी विरू दिला. डब्याचं कडवं आलं तेव्हा त्यांची मान थोडी हलली. शेवटी ओर्लाने दोन सूर वाजवले आणि हात उचलला.

मिलिंददादाने मशीन बंद केल्याचं दिसलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "आमचा सुनील व्हय ह्यो?"

हो म्हटलं.

"त्यो ल्हानपनापास्नं तसलाच हाय. त्याला दोन हाका लागत्यात. आन् तू मारल्या की दोन." खुर्चीतून उठता उठता, "मग न्हाई ऐकू गेलं त्याला."

ओर्ला मला म्हणाली, त्या काय म्हणाल्या? मी रडत होते. मिलिंददादाने सांगितलं.

परतताना खिडकीपाशी बसून सासूबाई झोपल्या. कामशेतला जाग्या झाल्या, म्हणाल्या, "त्या बाईला तिखट लय लागलं नसंल ना?"

१७ डिसेंबर, बुधवार

सासूबाईंनी त्याला सांगितलं. मला वाटलंच होतं. संध्याकाळी सु. म्हणाला, "माझ्यावर गाणं केलंस म्हणे." फोन दिला. तो घेऊन कारमध्ये जाऊन बसला, काचा वर करून. मी स्वयंपाकघरातून बघत होते. एकदा ऐकलं असावं, मग पुन्हा.

आत आला. "हे नोव्हेंबरातलं ना? मी डबा विसरलो तेव्हाचं."

हो.

"मग फोन करायचास ना."

मी ताटं घेतली. तो हात धुऊन बसला. जेवण झाल्यावर म्हणाला, "चांगलं आहे. पण ही तू वाटत नाहीस."

१९ डिसेंबर, शुक्रवार

त्याचं वाक्य जात नाही. रागवावं तर त्याने खोटं काही सांगितलेलं नाही. मला तरी कुठे मी वाटले? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कोण ही बाई, हिला ओळखायला हवं.

२८ डिसेंबर, रविवार

ओर्ला परवा जाते. आज शेवटचं जाणं, काम काहीच नव्हतं. आल्बममधली सगळी गाणी ओळीने ऐकली, दोघी जमिनीवर बसून. खोलीतल्या गोधड्या काढल्या होत्या, त्यामुळे बोललेलं घुमत होतं.

तिने सरळ विचारलं, माझं गाणं घेऊ का. आणि आवाज परत आला तर नवीन गाऊन पाठवायचं असेल तर थांबेन, म्हणाली. महिना-दोन महिने.

घे म्हटलं. आहे तसंच. नाव कसं लिहू? नुसतं वैशाली. आडनाव नको, त्यांच्याकडे कुणाला उच्चारता येणार नाही.

निघताना मिठी मारली. तिने अंगाला अमृतांजन लावलं होतं.

१२ जानेवारी, सोमवार

सु. रात्रपाळीवरून सकाळी आला. मी अंगणात होते. पाणी तापलंय, असं पाठमोरी राहूनच सांगितलं, हळूच, सवयीप्रमाणे. "आलोच" म्हणाला. हल्ली मी बोलले की तो गाडी बंद करतो. सांगितलेलं नाही कुणी.

२२ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर. डावा तंतू अजून तसाच. आता आपोआप येण्याची आशा कमी, म्हणाले. लहान ऑपरेशन आहे. बाहेरून गळ्याला छेद घेऊन तो तंतू आत मधोमध ढकलायचा, आधार बसवायचा. आवाज मोठा होतो, हवा जात नाही, वर्गात मागेपर्यंत ऐकू जाईल. गाणं? त्याची खात्री देत नाही म्हणाले. जुना आवाज तंतोतंत येत नाही. आत्ताचा मात्र राहणार नाही.

सगळ्यात नवल हे, की त्यात पूर्ण भूल देत नाहीत. आपल्याला बोलायला लावतात आणि ऐकत ऐकत ते किती ढकलायचं ते ठरवतात. म्हणजे वाद्य लावतात तसं. म्हणाले, "पुढच्या वेळी येताना एखादं रेकॉर्डिंग आणा. तुम्हाला कसा आवाज हवाय ते मला कळू दे."

सु. लगेच म्हणाला, आणतो.

मुख्याध्यापिकांचा जून डोक्यात आहे. संगीताचा वर्ग मला हवा आहे, हे खरं. भाजीवाल्याला हाक मारता यावी हेही खरं.

२५ जानेवारी, रविवार

सु. ने मिलिंददादाकडून जुनी हार्ड डिस्क आणली. दिवसभर शोधत होता. तळेगावचा कार्यक्रम सापडला, तोच. कानाला लावून मला ऐकवला. चांगली गात होते. खरंच चांगली. मधल्या एका जागेवर लोक टाळ्या वाजवतात, ती जागा घेताना मला टाळ्या येणार हे माहीत होतं, तेही ऐकू येतं.

सासूबाईंना विचारलं, करू का ऑपरेशन?

"दुकतंय का?"

नाही म्हटलं.

"मग मला काय इचारतीस? मला तुजं समदं ऐकू येतंय." मग टीव्हीचा आवाज वाढवला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ओर्लाचा मेसेज. गाण्यांचा क्रम ठरला, माझं मधे आहे, भोंग्याच्या गाण्यानंतर. तिकडे खूप थंडी. पावट्यांची उसळ कशी करायची ते आईंना विचारून कळव. ऑपरेशनबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तिने एवढंच लिहिलंय : तुझा गळा, तुझं तू ठरव, मी दोन्हीकडून ऐकेन.

उसळीची कृती सासूबाईंनी सांगितली, मी लिहून पाठवली. मूठ, चिमूट आणि अंदाजाने याला इंग्रजी शब्द शोधण्यात तास गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज अकराला डॉक्टर. आवरून बसले आहे. शाळेत रजा टाकली.

तळेगावचं रेकॉर्डिंग सु. ने पेनड्राइव्हवर घेतलंय, खिशात आहे. सकाळपासून दोनदा चाचपून बघितलं. काल तो म्हणाला, "मला काही जुनाच आवाज पाहिजे असं नाही." मी म्हटलं, पाहिजे की. म्हणाला, "हो, पाहिजे. पण घसा तुझा आहे." त्याला हे बोलायला बराच वेळ लागला.

मी रात्री ठरवलं होतं, करायचं. पहाटे उठून दूध तापवताना ते डब्याचं कडवं सहज गुणगुणले, आणि ठरवलेलं राहिलं नाही. मग शाळेचा वर्ग आठवला आणि पुन्हा ठरवलं. आता कुठल्या बाजूला आहे ते मलाही सांगता येणार नाही.

सु. गाडी काढायला गेला होता, परत दारात आला. म्हणाला, "लोणावळ्याचं फोनमध्ये आहे ना तुझ्या? चार्जिंग बघ. डॉक्टरांना दोन्ही ऐकवू."

चार्जिंग आहे. निघतो.